‘सर ऑनलाइन दिसले की छातीत धडधडतं’

“नोकरीला अकरा वर्षं झाली. आजवर माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी नवे सर आले आणि आता साधा मेल पाठवायचा तरी चार-चार वेळा वाचून बघते. सर ऑनलाइन दिसले की छातीत धडधडतं. माझ्यातच काही कमी आहे का? नोकरी सोडून द्यावी का?”

एका खासगी कंपनीत विक्रीचे अहवाल तयार करणाऱ्या, ३६ वर्षांच्या बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माणसं बदलतात, पण प्रश्नांचा क्रम हाच असतो. आधी स्वतःवर शंका आणि लगेच राजीनामा. या दोन टोकांच्या मध्ये करण्यासारखं बरंच काही असतं.

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला होता. पन्नास मिनिटांत तो एकदाही वाजला नाही, तरी सात वेळा उचलून पाहून झाला. तेव्हा त्यांना विचारलं, सर तुमच्याशी दिवसातून प्रत्यक्ष किती वेळ बोलतात? हिशेब पंचवीस मिनिटांवर आला. आणि तुम्ही त्यांचा विचार किती वेळ करता? त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आंघोळ करताना, मुलाचा अभ्यास घेताना, अंथरुणात. म्हणजे दिवसभरच.”

वाईट बॉसमुळे होणारं सगळ्यात मोठं नुकसान त्या पंचवीस मिनिटांत होत नाही. आता काय बोलतील, उद्या काय निघेल, याचे अंदाज बांधण्यात माणूस झिजतो. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली मांडलेली गोष्ट इथे नेमकी लागू पडते. काम खूप असणं एकवेळ सोसतं. काम खूप आणि ते कसं करायचं यावर आपला ताबा नाही, ही जोडी माणसाला मोडते. या बाईंचं काम वाढलं नव्हतं, ताबा गेला होता. सकाळी अकराला एक सूचना, चारला तिच्या उलट दुसरी, आणि रात्री पावणेदहाला मेसेज : ‘अजून झालं नाही?’

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने खचून जाण्याची, तीन लक्षणं सांगितली : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटू लागणं. संघटनेने याला आजार म्हटलेलं नाही, कामाच्या जागेशी जोडलेली स्थिती म्हटलं आहे. हे कळलं की ‘माझ्यातच खोट आहे’ ही पकड जरा सैल होते. बाईंना सर्वांत जास्त लाज दुसऱ्या लक्षणाची वाटत होती. “सुचलेलं आता सांगतच नाही. सांगितलं तेवढंच करते, आणि तेही कसंबसं.” यात लाजण्यासारखं काही नाही. मार बसणाऱ्या जागेवरून माणूस हात काढून घेतोच. पण कामातला आपला जीवही असाच निघून गेला, तर दुसरी नोकरी शोधायलाही बळ उरत नाही. म्हणून तो वाचवणं महत्त्वाचं.

सुरुवात एका वहीपासून केली. दोन आठवडे, घडल्या दिवशीच, पाच गोष्टी लिहायच्या : तारीख आणि वेळ, बोललेले शब्द जसेच्या तसे, समोर कोण होतं, त्या वेळी कोणतं काम चालू होतं, कामावर काय परिणाम झाला. ‘अपमान केला’ असं लिहायचं नाही, ‘“एवढं साधं कळत नाही का?” चौघांसमोर’ असं लिहायचं. वही घरी ठेवायची, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नाही. कंपनीची गोपनीय कागदपत्रं किंवा ग्राहकांची माहिती तिच्यात चिकटवायची नाही. तक्रारीच्या वेळी तेच आपल्यावर उलटतं.

चौदा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यांतल्या सहा बदलत्या सूचनांच्या होत्या, तीन सर्वांसमोर टाकून बोलण्याच्या. उरलेल्या दोन ठिकाणी सरांचं म्हणणं बरोबर होतं. बेरीज न तपासता अहवाल गेला होता. या दोन नोंदी मान्य करणं बाईंना जड गेलं, पण ते गरजेचंच होतं. वरिष्ठाची पद्धत वाईट असली म्हणून त्याची प्रत्येक सुधारणा चुकीची ठरत नाही, आणि सगळंच अन्याय म्हणून एका गाठोड्यात बांधलं की खऱ्या अन्यायाचं वजनही कमी होतं. दुसऱ्या दिवसापासून अहवाल पाठवण्याआधी दहा मिनिटं बेरजा तपासायच्या, एवढं ठरलं आणि त्या दोन नोंदींचा विषय तिथे संपला.

बदलत्या सूचनांवर उपाय म्हणजे तोंडी ठरलेलं तासाभरात लेखी पाठवणं. पहिला प्रयत्न फसला. बाईंनी चार परिच्छेदांचा मेल लिहिला, ‘काल तुम्ही असं म्हणाला होतात’ इथून सुरू होणारा. उत्तर आलं, ‘मला शिकवू नका.’ तो मेल आरोपपत्रासारखा वाचला जात होता, त्यामुळे हे होणारच होतं. दुसरा मसुदा असा केला : ‘विक्री अहवालात तीन तक्ते घेते आहे, गेल्या तिमाहीशी तुलनेसह. गुरुवारी दुपारी ४ पर्यंत देते. यात बदल हवा असल्यास आज ६ पर्यंत कळवावे, म्हणजे वेळ पाळता येईल.’ यात ‘तुम्ही’ हा शब्दच नाही, सगळं कामाबद्दल आहे. ऐन वेळी नवीन काम आलं तर ‘जमणार नाही’ म्हणायचं नाही. ‘हे आज केलं तर गुरुवारचा अहवाल शुक्रवारी जाईल. आधी कोणता देऊ?’ असं विचारायचं, म्हणजे निवड त्यांच्याकडे जाते आणि जबाबदारीही. तीन आठवड्यांत उलटसुलट सूचना निम्म्यावर आल्या. सर बदलले नव्हते. लेखी आल्यावर फिरवणं अवघड झालं होतं, इतकंच.

चारचौघांत बोलणी बसली तर तिथल्या तिथे हिशेब चुकता करायला जायचं नाही. त्या क्षणी आवाज कापतो, डोळे भरतात आणि चर्चा चुकीवरून आपल्या रडण्यावर जाते. त्यासाठी एकच वाक्य तयार ठेवलं : “आकडा नोंदवून घेतला. तीनपर्यंत दुरुस्त करून देते.” मग एक-दोन दिवसांत, दार बंद करून, दहा मिनिटं. काय घडलं, कामावर काय परिणाम झाला, काय हवं आहे, या क्रमाने. समुपदेशनात याची सहा वेळा तालीम झाली. पहिल्या चार वेळा बाईंची सुरुवात “सॉरी सर, राग मानू नका, पण...” अशीच व्हायची. ती माफी काढल्यावर वाक्य उभं राहिलं : “काल मीटिंगमध्ये चूक सर्वांसमोर सांगितली गेली. त्यानंतर टीममधले दोघं माझ्याकडे शंका विचारायला येईनात. चूक मला जरूर सांगा, पण आधी एकटीला सांगा.” एवढं बोलून थांबायचं. समोरची शांतता भरून काढायची घाई केली की आपणच आपली मागणी मागे घेतो.

रात्रीसाठी वेगळी सोय लागली. संध्याकाळी साडेसहा ते सात ही वेळ काळजीसाठी राखून ठेवली. मनात येईल ते कागदावर उतरवायचं, त्यातलं उद्या करता येण्यासारखं एक काम निवडायचं आणि वही मिटायची. इतर वेळी विचार आला तर ‘साडेसहाला’ म्हणून पुढे ढकलायचा. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही, नेटाने केलं तर हळूहळू जमू लागतं. फोन रात्री दुसऱ्या खोलीत. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठायचं, मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास राहिलं, कशातच गोडी वाटेनाशी झाली तर डॉक्टरांकडे जायला हवं. जगणं नको वाटू लागलं तर एक दिवसही थांबायचं नाही.

वरचं सगळं अस्ताव्यस्त किंवा तोंडाने तुटक असलेल्या वरिष्ठासाठी आहे. लैंगिक त्रास, धमकी, जात-धर्म-लिंगावरून हिणवणं, खोट्या कागदावर सही करायला लावणं, यांवर बंद दाराआडच्या दहा मिनिटांचा प्रयोग करू नये. तिथे थेट लेखी तक्रार आणि कायदेशीर सल्ला. एचआरकडे जातानाही ध्यानात ठेवावं की तो विभाग संस्थेसाठी काम करतो. ‘मला त्रास होतो’ या वाक्यापेक्षा ‘सहा आठवड्यांत नऊ वेळा सूचना बदलल्या, तीन अहवाल पुन्हा करावे लागले’ हे तिथे जास्त ऐकलं जातं.

राजीनाम्याचा प्रश्न टाळला नाही, त्याला तारीख दिली. आजपासून ९० दिवस. तोवर रोज रात्री ‘सोडू की राहू’ हा वाद मनात घालायचा नाही. त्या ९० दिवसांत तीन महिन्यांच्या घरखर्चाइतके पैसे बाजूला काढायचे, बायोडेटा अद्ययावत करायचा, आधीच्या वरिष्ठांपैकी दोघांशी बोलून ठेवायचं, कंपनीत दुसऱ्या विभागात जागा आहे का ते पाहायचं. रागाच्या भरात दिलेल्या राजीनाम्यात नोटीसचा काळ, राहिलेली रजा, अनुभवाचं पत्र यांपैकी काहीतरी हमखास निसटतं.

सत्तराव्या दिवशी दुसऱ्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. सरांच्या पद्धतीत थोडा फरक पडला होता, रात्रीचे मेसेज कमी झाले होते, पण सर्वांसमोर बोलणं थांबलं नव्हतं. बाईंनी जायचं ठरवलं. समुपदेशनाच्या पुढच्या भेटीतला सगळा वेळ एकाच प्रश्नाला दिला : ‘आधीची नोकरी का सोडताय?’ त्यांचं पहिलं उत्तर तीन मिनिटं चाललं आणि त्यात ‘सर’ हा शब्द अकरा वेळा आला. पाचव्या वेळी ते दोन वाक्यांत बसलं : “अकरा वर्षांत अहवालाचं काम मला पूर्ण येतं. आता विश्लेषणाची जबाबदारी हवी आहे, ती तिथे मिळण्यासारखी नाही.” दोन्ही वाक्यं खरी होती.