मार्कांची नव्हे, जेवणाच्या वाक्याची काळजी वाटते

प्रश्न: मुलीला बारावी सायन्सला ७८ टक्के. नीट दोनदा दिली, जमली नाही. आता म्हणते, इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन आणि व्हायकिंग काळाचं पुरातत्त्व शिकायचंय. मग सायन्स वाया का घालवलं? तिची ती पुस्तकं मी माळ्यावर टाकली. हल्ली ती जेवायलाही आमच्यात बसत नाही. तिसऱ्या नीटला तिला कसं तयार करू?
- एक वडील, लातूर

उत्तर: नमस्कार. मुलगी जेवायला तुमच्यात बसत नाही, आणि तुम्ही मला नीटबद्दल विचारताय! दोनदा अपयश पचवून पोरीने आपणहून कशात तरी जीव गुंतवला आणि नेमकं तेच तुम्ही माळ्यावर टाकलंत. धास्तीपोटी केलंत, हे मला कळतं. तिला मात्र एवढंच कळलं, की डॉक्टर झाले तरच मी बाबांना हवी आहे. तिसरा प्रयत्न तिने स्वतः मागितला तरच.

आता 'सायन्स वाया'बद्दल. अँग्लो-सॅक्सन आणि व्हायकिंग काळातल्या, म्हणजे साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातल्या, इंग्लंडच्या साध्या माणसांनी स्वतःविषयी जवळपास काहीच लिहून ठेवलेलं नाही. बीड नावाच्या ख्रिस्ती भिक्षूचा इ.स. ७३१ चा इतिहास आहे, पण तो मुख्यतः राजांचा आणि चर्चचा. बाकीच्यांचं जगणं मातीतून वाचावं लागतं, आणि तिथे बायॉलॉजीच लागते. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात १९७२ साली एका बँकेच्या बांधकामाच्या जागी व्हायकिंग काळातली मानवी विष्ठा सापडली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात जंतांची अंडी दिसली. मांस आणि पाव खाणारा तो माणूस पोटात जंत घेऊन जगत होता, हे कुठल्या बखरीत मिळणार? तिथल्याच कॉपरगेट या रस्त्यावरच्या उत्खननात ओल्या, हवा न शिरलेल्या मातीत चामड्याचे जोडे, बिया, किडेसुद्धा टिकले. दातातल्या स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून माणूस लहानपणी कुठल्या भागात वाढला असेल, याचा अंदाज बांधता येतो.

वाट सरळ आहे: बॉटनी किंवा झूऑलॉजीत बीएस्सी, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए, परदेश त्यानंतर. आत्ताच कर्ज काढून पाठवू नका. इंग्लंडमध्ये १९९० पासून बांधकामाआधीच्या उत्खननाचा खर्च बिल्डरवर पडतो, म्हणून तिथे कामं निघतात. पण पगार बेताचे, नोकऱ्या बऱ्याचदा ठरावीक मुदतीच्या. हे तिलाही आधीच सांगा.

या आठवड्यात मात्र करिअरचा विषय काढू नका. पुस्तकं खाली काढून तिच्या हातात द्या आणि 'माझं चुकलं' म्हणा. पंधरा दिवसांत ती धड जेवू-झोपू लागली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. 'जगून काय करू' अशा अर्थाचं काही बोलली, तर त्याच दिवशी.