चेट्टिनाडच्या जुन्या वाड्यात जेवायला थांबावं का?

मदुराईहून तंजावरला जाताना चेट्टिनाडमधल्या एखाद्या जुन्या घराण्याच्या, आता हॉटेल झालेल्या वाड्यात जेवायला थांबावं का, आणि तिथलं जेवण सोसेल का, असं तुम्ही विचारलंय. जरूर थांबा. फक्त दुपारी जा आणि आदल्या दिवशी फोन करून ठेवा. बाहेरून येणाऱ्यांसाठी पानं मोजूनच स्वयंपाक होतो.

कारैकुडीचं 'द बंगला' पानावरच्या जेवणासाठी प्रसिद्ध आहे. कानाडुकात्तानचं 'विसालम' हे एका चेट्टियार, म्हणजे इथल्या सावकार समाजातल्या, बापाने लेकीसाठी बांधलेलं घर. राहायचं असेल तर मी विसालम निवडेन, नुसतं जेवायचं असेल तर बंगला.

तिखटाची भीती मनातून काढा. शहरातल्या हॉटेलांत 'चिकन चेट्टिनाड' म्हणून जो लालभडक रस्सा मिळतो, त्यावरून या स्वयंपाकाची कल्पना येत नाही. इथे झणका मुख्यतः मिरीचा, आणि वास बडीशेप, दालचिनी, दगडफुलाचा. हो, आपल्या गोड्या मसाल्यातलंच दगडफूल; मटणात ते पडलं की चव किती वेगळी लागते ते खाऊनच बघा. खिम्याचे तळलेले गोळे, म्हणजे कोला उरुंडै, आले तर भाताला पोटात जागा ठेवा. शाकाहारी असाल तर भेंडीची मंडी आवर्जून मागा. तांदळाच्या धुवणात चिंच घालून ती शिजवतात. इतकी साधी आणि इतकी चवदार भाजी मी दुसरीकडे खाल्लेली नाही. शेवटी कवुनी अरिसी, काळ्या तांदळाचा ओलं खोबरं आणि साखर घातलेला गोड पदार्थ. हा तांदूळ ब्रह्मदेशातून आला.

घरातलं सागवानही तिथलंच. नगरत्तार म्हणवणाऱ्या या चेट्टियारांची सावकारी ब्रह्मदेश, सिलोन, मलायापर्यंत पसरली होती. पैसा गावी येई, आणि एका रस्त्यावर पुढचं दार तर मागच्या रस्त्यावर स्वयंपाकघराचं दार, एवढी लांब घरं उभी राहत. 1942 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि तिथला व्यवहार बुडाला. कुटुंबं शहरांत पांगली, घरं लग्नकार्यापुरती उघडू लागली. कित्येक पाडली गेली. त्यांचे खांब, दारं, तामचिनीची भांडी कारैकुडीच्या जुन्या बाजारात विकायला असतात. मला ते बघवत नाही. म्हणूनच ज्या घरांत आज चूल पेटते, तिथे पैसे देऊन जेवावं असं मला मनापासून वाटतं.

जेवण झाल्यावर लगेच गाडीत बसू नका, चौकात थोडं टेका. उन्हं कलली की जवळच्या अत्तंगुडीला जा. तिथे काचेवर रंग ओतून हाताने फरशा करतात, आणि जेवताना पायाखाली असलेली फरशी बहुधा त्याच गावची असते. मुक्काम करणार असाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. एप्रिल-मेमध्ये मात्र तिथलं ऊन टाळाच.