वाचकांचे प्रश्न : डिप्लोमावर मराठीची मोहोर

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत दहावीत आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो, तोही बोलतो. शाळेतून ‘सील ऑफ बायलिटरसी’चं पत्रक आलंय. त्याने स्पॅनिश घेतलेलं नाही. नुसत्या मराठीवर हे मिळतं का? आणि तयारी कधी सुरू करायची?
– एक आई, एडिसन

उत्तर : मिळतं. हायस्कूल संपताना विद्यार्थ्याला इंग्रजी आणि आणखी एक भाषा लिहिता-बोलता येते, अशी डिप्लोमावर (हायस्कूल उत्तीर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रावर) उमटणारी ही अधिकृत मोहोर आहे. दुसरी भाषा शाळेत शिकवली जात असलीच पाहिजे, अशी अट नाही. कल्पना २००८ मध्ये ‘कॅलिफोर्नियन्स टुगेदर’ या संस्थेने पुढे आणली, २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने पहिला कायदा केला आणि आज पन्नासही राज्यांनी ती स्वीकारली आहे. नियम मात्र ज्या त्या राज्याचे. न्यू जर्सीत दुसऱ्या भाषेसाठी ‘इंटरमीडिएट मिड’ (मध्यम टप्प्याची मधली पायरी) पातळी लागते. न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स आणि इलिनॉयमध्ये त्याच्या एक पायरी वर, ‘इंटरमीडिएट हाय’. म्हणजे जी मराठी एडिसनमध्ये पुरते, ती हडसन नदीपलीकडे कमी पडू शकते. म्हणून नातेवाईक दुसऱ्या राज्यात असतील तर त्यांच्या सांगण्यावर जाऊ नका, आपल्याच राज्याच्या शिक्षण खात्याचं पान वाचा.

मराठीची अडचण परीक्षेची आहे. स्पॅनिश किंवा चिनी घेणारी मुलं एपी या कॉलेजच्या दर्जाच्या परीक्षेत पाचपैकी ३ गुण मिळवून मोकळी होतात. मराठीला एपी नाही. मराठीसाठी सध्या सोयीची चाचणी म्हणजे अव्हांट कंपनीची ‘स्टॅम्प डब्ल्यूएस’. त्यात लिहिणं आणि बोलणं तपासतात, दोन्हीसाठी प्रत्येकी तीन विषय देतात. वाचन आणि ऐकणं त्यात नाही, आणि नेमकी इथेच अनेकांची गाडी अडते. बऱ्याच राज्यांच्या नियमांत चारही कौशल्यं लिहिलेली असतात. ज्या भाषांना चार कौशल्यांची चाचणीच नाही त्यांच्यासाठी सवलत असू शकते, पण समुपदेशकाला ती ठाऊक असेलच असं नाही.

म्हणून आत्ताच, दहावीत, शाळेच्या समुपदेशकाला आणि डिस्ट्रिक्टच्या (तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) वर्ल्ड लँग्वेज विभागाला ईमेल करून विचारा : डिस्ट्रिक्ट या योजनेत सहभागी आहे का (सहभाग बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो), मराठीची स्टॅम्प डब्ल्यूएस मान्य आहे का, परीक्षा कुणाच्या देखरेखीखाली आणि कधी होते, आणि फी कोण भरतं. उत्तर लेखीच घ्या. दोन वर्षांत माणसं बदलतात, ईमेल टिकतो. मोहोरेसाठी पैसे घेत नाहीत, पण चाचणीची फी पालकांवर येऊ शकते.

परीक्षा अकरावीच्या वसंतात, फार तर बारावीच्या सुरुवातीला द्यावी. उत्तरं माणसं तपासतात, त्यामुळे निकाल हातोहात मिळत नाही, आणि पातळी कमी आली तर पुन्हा बसायला वेळ हवा. बारावीच्या एप्रिलमध्ये जागं झालं तर डिप्लोमाच्या याद्या तोवर गेलेल्या असतात. इंग्रजीची अटही विसरू नका. न्यू जर्सीत ती हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठीच्या इंग्रजीच्या अटीतूनच पूर्ण होते, पण मुलं मराठीच्या मागे लागतात आणि हा कागद राहून जातो.

प्रश्न : मराठीच्या स्टॅम्प डब्ल्यूएस चाचणीत मुलीला बोलण्यात ६ आणि लिहिण्यात ४ मिळाले. मराठी शाळेत सहा वर्षं गेली आहे, मुळाक्षरं पक्की आहेत. मग लिहिण्यात कुठे कमी पडली?
– पालक, शिकागोजवळून

उत्तर : स्टॅम्पमध्ये ४ म्हणजे इंटरमीडिएट लो, ५ मिड, ६ हाय आणि ७ म्हणजे ॲडव्हान्स्ड लो. इलिनॉयला ६ लागतात, म्हणजे तिचं बोलणं पुरतं आणि लिहिणं दोन पायऱ्या खाली आहे. मुळाक्षरांशी याचा फार संबंध नाही, वाक्यं एकमेकांना कशी जोडली आहेत याच्याशी आहे.

समजा विषय आहे ‘सुट्टीतल्या प्रवासाबद्दल मैत्रिणीला लिहा’. एक उत्तर असं (यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान, आणि गीझर म्हणजे तिथला जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा) :

*आम्ही यलोस्टोनला गेलो. तिथे खूप मजा आली. मी गीझर बघितला. पाऊस पण होता. ते छान होतं.*

यातलं एकही वाक्य चूक नाही. पण त्यांचा क्रम कसाही लावा, अर्थात फरक पडत नाही. ही सुटी वाक्यं आहेत, आणि सुट्या वाक्यांची पातळी ४-५ च्या आसपासच राहते. आता हे पाहा :

*आम्ही यलोस्टोनला पोचलो तेव्हा पाऊस पडत होता, म्हणून पहिला दिवस तंबूतच गेला. दुसऱ्या दिवशी गीझर कधी उडतो याची वाट बघत आम्ही तासभर बसलो होतो. शेवटी बाबा कंटाळून उठले, आणि नेमका तेव्हाच तो उडाला. पुढच्या वेळी गेलो तर मी त्यांना आधीच उठायला सांगणार आहे.*

शब्द अवघड नाहीत. पण ‘तेव्हा’, ‘म्हणून’, ‘शेवटी’, ‘नेमका तेव्हाच’ यांनी वाक्यं बांधली गेली, भूतकाळाचे दोन पदर आले (पडत होता, पोचलो) आणि भविष्यकाळही आला. तपासणारा हेच शोधतो. शिवाय एकाच उत्तरात चमकून चालत नाही, पातळी टिकलेली दिसावी लागते.

इथे वाढलेल्या मुलांच्या चुका बहुतेक दोन ठिकाणी सापडतात. पहिली भूतकाळात. ‘मी पोळी खाल्लो’, ‘मी पुस्तक वाचला’. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्मामागे जातं, ‘मी पोळी खाल्ली’, ‘मी पुस्तक वाचलं’, हे मुलं ऐकतात पण लिहिताना सोडून देतात. गोष्ट सांगायची म्हणजे भूतकाळ आलाच, त्यामुळे ही एक चूक ओळीओळीत दिसते. दुसरी चूक सामान्यरूपाची : ‘शाळामध्ये’, ‘घोडावर’. ‘शाळेमध्ये’, ‘घोड्यावर’ हे नियम सांगून बसत नाही. रोज दहा शब्दांना ‘-त, -वर, -ला’ लावून मोठ्याने म्हणायला लावा, महिन्याभरात जीभ वळते आणि मग हातही वळतो.

इंग्रजी शब्दांचं काय? ‘बस’, ‘फोन’, ‘हॉस्पिटल’ यांना घाबरायचं कारण नाही, ते मराठीच झालेत. पण ‘मी होमवर्क फिनिश करून प्रॅक्टिस अटेंड केली’ अशा वाक्यात मराठीच्या वाट्याला फक्त ‘मी’, ‘करून’ आणि ‘केली’ उरतं. संपवणं, जाणं, सोडणं, ठरवणं अशी क्रियापदं मराठीच हवीत.

आणि कीबोर्ड! वहीत सुंदर लिहिणारी मुलं पडद्यापुढे अडखळतात. परीक्षेत देवनागरी टंकायची असते. फोनवर रोमन अक्षरांतून मराठी उमटवायची सवय असेल तर ती तिथे कामी येईलच असं नाही. इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण) कीबोर्ड शिकवा, पंधरा-वीस दिवस रोज अर्धा तास पुरतो. ‘ल’ला शिफ्ट लावला की ‘ळ’, ‘र’ला शिफ्ट लावला की ‘ऱ’. या ‘ऱ’वर आवर्जून थांबा : ‘दुसऱ्या’, ‘बिचाऱ्या’ साध्या ‘र’ने टंकलं की ‘दुसर्या’ असं रफाराचं रूप उमटतं आणि वाचणाऱ्याला खटकतं. चाचणीच्या आधी कोणता कीबोर्ड उपलब्ध असेल ते शाळेकडून कळवून घ्या आणि सराव त्यावरच करा.

आठवड्याला दोन परिच्छेद, टंकलेले, प्रत्येकी वीस मिनिटांत. सहा महिने हे सातत्याने केलं तर दोन पायऱ्या चढणं शक्य आहे. मराठी शाळेच्या शिक्षकांना परिच्छेद तपासायला द्या, पण लाल शाई भूतकाळ, सामान्यरूप आणि वाक्यं जोडणारे शब्द यांच्यापुरतीच ठेवायला सांगा. सगळ्याच चुकांवर खुणा झाल्या तर मूल पुढचा परिच्छेद लिहीत नाही.

प्रश्न : आम्ही नाशिकहून न्यूयॉर्कला आलो तेव्हा मुलगी नववीत होती. तिकडच्या मराठीच्या गुणपत्रिकांचा इथे उपयोग होईल का?

उत्तर : होऊ शकेल, पण एकट्या गुणपत्रिकेने भागणार नाही. न्यूयॉर्कमध्ये गुणांची बेरीज असते, इंग्रजीचे ३ आणि दुसऱ्या भाषेचे ३. परदेशातल्या शाळेत घरची भाषा किमान तीन वर्षं शिकल्याचा आणि सरासरी ‘बी’ किंवा वर असल्याचा दाखला एक गुण देतो, मात्र ही वर्षं कोणत्या इयत्तेपासून धरतात ते शाळेला विचारा. समारोपाच्या प्रकल्पाचे दोन गुण असतात, ते धरले की तीन पुरे होतात. नाशिकच्या शाळेकडून शिक्का असलेली गुणपत्रिका आत्ताच मागवा, आणि इंग्रजी भाषांतर कुणी करून द्यायचं हे न्यूयॉर्कच्या शाळेला विचारूनच पैसे खर्च करा. या मुलीच्या बाबतीत खरी मेहनत इंग्रजीच्या तीन गुणांवर लागेल. वेळ तिथे द्या.

प्रश्न : मुलाने एपी स्पॅनिशमध्ये ४ मिळवलेत. आता मराठीसाठी वेगळी धडपड करावी का?

उत्तर : बऱ्याच राज्यांत एकाहून अधिक भाषांसाठी नोंद होते, तेव्हा करावी. स्पॅनिश शाळेने शिकवली. मराठी त्याने स्वतः टिकवली, आणि ती कागदावर यायलाच हवी.

प्रश्न : कॉलेजात याचा प्रत्यक्ष फायदा काय?

उत्तर : राज्य पाहून उत्तर बदलतं. इलिनॉयमधल्या सरकारी विद्यापीठांना ही मोहोर हायस्कूलच्या दोन वर्षांच्या परकीय भाषेइतकी मानावी लागते, आणि श्रेयांक (क्रेडिट) कसे द्यायचे हेही ठरवून द्यावं लागतं. मिनेसोटात दोन दर्जे आहेत, गोल्ड (इंटरमीडिएट हाय) आणि प्लॅटिनम (ॲडव्हान्स्ड लो). तिथल्या ‘मिनेसोटा स्टेट’ गटातल्या कॉलेजांत त्यांना अनुक्रमे तीन आणि चार सत्रांचे भाषेचे श्रेयांक मिळतात. खासगी विद्यापीठांवर असं बंधन नाही. श्रेयांक आपोआप जमा होत नाहीत, प्रवेश मिळाल्यावर रजिस्ट्रारकडे मागावे लागतात, आणि पहिलं सत्र संपायच्या आत मागितलेले बरे.

प्रश्न : आमचं डिस्ट्रिक्ट सहभागीच नाही. आता?

उत्तर : ‘ग्लोबल सील ऑफ बायलिटरसी’ हा वेगळा, खासगी दाखला २०१८ पासून आहे, आणि तो डिस्ट्रिक्टवर अवलंबून नाही. इंटरमीडिएट मिडला ‘फंक्शनल फ्लुएन्सी’, ॲडव्हान्स्ड लोला ‘वर्किंग फ्लुएन्सी’. हा राज्याचा सन्मान नव्हे, त्यामुळे डिप्लोमावर उमटणार नाही. कॉलेजच्या अर्जात सन्मानांच्या रकान्यात मात्र तो त्याच्या पूर्ण नावाने लिहावा, राज्याच्या मोहोरेच्या नावाने नाही. दाखल्यावर स्वतंत्र अनुक्रमांक असतो, तोही सोबत द्या.