न सांगता कंपनी सोडली, आता एचआर लेटर द्यायला तयार नाही

रावेर तालुक्यातल्या एका भावाचं पत्र आलंय, आधी ते थोडक्यात सांगतो. जळगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत सप्टेंबर २०२० पासून फिटर होते, पगार २८,०००, त्यात बेसिक अन् डीए मिळून १५,०००. यंदा १७ जानेवारीला सकाळी नाईट सुटली, रूमवर येऊन बूट काढतायत तोच गावाकडून फोन, वडिलांना लकवा मारला. तसेच निघाले ते परत गेलेच नाहीत, घरी केळीचं पाणी-खत बघायला दुसरं कोणी नाही, सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर 'आता जमणार नाही' एवढं टाकलं अन् विषय संपला असं समजले. आता वडील काठी धरून चालायला लागलेत, चाकणला काम मिळतंय, पण तिथला एचआर रिलिव्हिंग लेटर (जुन्या कंपनीने कामातून मोकळं केल्याचं पत्र), तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, फॉर्म १६ अन् ओरिजिनल सर्टिफिकेटं मागतोय. जुन्या कंपनीत दोन चकरा झाल्या. 'तुला टर्मिनेट केलंय, नोटीसचे २८,००० भर, मग बघू', आणि दहावी-आयटीआयची ओरिजिनल कागदं जॉइन होताना जमा केलेली ती पण तिथंच अडकलीत. शेवटच्या वेळेस ऑफिसातल्या माणसानं सरळ सांगितलं, 'तुले जे करनं ते करी ले.' भाऊ विचारतात, पैसे भरून टाकू का, का गावातल्या एकाने सांगितलं तसं लेटर कुठून बनवून घेऊ?

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. बनवून बिलकुल घेऊ नका. चाकणची कंपनी बॅकग्राउंड चेक करतेच, जुन्या कंपनीला एक मेल गेला की खेळ संपला, आणि न सांगता नोकरी सोडणं हा गुन्हा नाही पण खोटा दस्तऐवज बनवून वापरणं हा आहे. सध्या तुम्ही फक्त चुकलेले आहात, उगाच आरोपी कशाला होता.

आता पैशाचं. त्यांनी २८,००० मागितले आणि तुम्ही घाबरले, पण त्यांच्याकडे तुमचं काय निघतं ते तुम्ही मोजलंच नाही. सप्टेंबर २०२० ते जानेवारी २०२६ म्हणजे पाच वर्षं अन् वर चार महिने. पाच वर्षं सलग भरली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायची रक्कम, लागू, राजीनामा दिला तरी लागू, आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला ती द्यावीच लागते. हिशोब असा की शेवटचा बेसिक-डीए गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, म्हणजे १५,००० वर पाच वर्षांचे ४३,२६९ रुपये होतात. वरचे चार महिने धरत नाहीत, सहाच्या वर गेले असते तर अजून एक वर्ष धरलं असतं. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड (कामगार कायदे) लागू झालेत, त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेतनातच धरायची आहे, म्हणून स्लिप बघून आकडा परत काढावा लागेल, कमी तर होणार नाही. यात जानेवारीतल्या भरलेल्या दिवसांचा पगार अजून धरलेलाच नाही. तो पगार नव्या वेज कोडप्रमाणे राजीनाम्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवा. तुमचा लेखी राजीनामाच नाही म्हणून ते निवांत बसलेत.

आता नोटीसचे पैसे बिलकुल लागत नाहीत असं मी म्हणणार नाही. अपॉइंटमेंट लेटरवर तीस दिवसांची नोटीस किंवा तेवढा पगार असं लिहिलेलं असेल आणि खाली तुमची सही असेल तर त्यांचं म्हणणं अगदीच हवेत नाही. पण ते पैसे हिशोबात मागायचे असतात, आधी भर मग कागद असा धंदा करायचा नसतो. आणि 'तू पळून गेला म्हणून ग्रॅच्युइटी बुडाली' असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. ग्रॅच्युइटी अडवायची कारणं कायद्यात मोजकीच आहेत, मुद्दाम कंपनीचं नुकसान करणं, मारामारी, चोरी-अफरातफरीसारख्या भानगडीत काढून टाकलेलं असणं अशी. बाप आजारी पडला म्हणून घरी जाणं त्यात कुठंच बसत नाही.

ते तुम्हाला टर्मिनेट केलं म्हणतात ना, मग त्याचा कागद मागा. १९९३ मध्ये डी. के. यादव केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की कामगार गैरहजर राहिला म्हणून त्याचं ऐकून न घेता, चौकशी न करता परस्पर नाव कापता येत नाही. तुम्हाला ती नोकरी परत नकोय हे मला समजतं, पण बोलणी करताना हे माहीत असलेलं बरं.

मूळ सर्टिफिकेटांचा मला सगळ्यात जास्त राग आला. पैसे येणं बाकी आहे म्हणून दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवायचा सरसकट हक्क करार कायद्याच्या कलम १७१ मध्ये बँकर वगैरे ठराविक लोकांनाच आहे, नोकरी देणारा मालक त्या यादीत नाही. आम्हा वकिलांना सुद्धा पक्षकाराने फी बुडवली तरी त्याचे केसपेपर दाबून ठेवता येत नाहीत, २००० साली सुप्रीम कोर्टाने तसं स्पष्ट सांगितलंय (बऱ्याच वकिलांना ते आवडलं नाही, तो भाग वेगळा). म्हणून सर्टिफिकेटांची मागणी वेगळ्या कागदावर करा, हिशोबात मिसळू नका. तोवर दहावीची मार्कशीट डिजिलॉकरमधून काढा, ती मूळ कागदासारखीच धरली जाते, चाकणवाल्यांना तेवढ्यावर काम चालवता येतं.

रिलिव्हिंग लेटरचं मात्र खरं बोलतो, ते मिळालंच पाहिजे असं सरळ सांगणारा कायदा तुमच्या हातात ठेवता येईल असा नाही. मॉडेल स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कंपनीतल्या नोकरीच्या नियमांच्या सरकारी नमुन्यात, कायम कामगाराला सर्व्हिस सर्टिफिकेट द्यायचं कलम आहे, पण नव्या कोडात स्टँडिंग ऑर्डर ३०० कामगारांपासून पुढच्या कंपन्यांनाच बंधनकारक आहेत. तुमच्या पत्रावरून तिथं नव्वद-शंभर माणसं दिसतात. म्हणून नुसत्या लेटरवर भांडाल तर वर्ष जाईल. चाकणला तुमची पाच वर्षं सिद्ध करायचीत ना, मग ती दुसरीकडे आधीच लिहिलेली आहेत. पीएफच्या साइटवर सर्व्हिस हिस्टरी काढा, त्यात कंपनीचं नाव अन् जॉइनिंगची तारीख येते. पासबुक काढा. बँकेचं स्टेटमेंट काढा ज्यात दर महिन्याला कंपनीच्या नावाने पगार पडलाय. सॅलरी स्लिप देणं मालकाला बंधनकारक आहे त्यामुळे ती मागाच, पण स्लिप येईपर्यंत स्टेटमेंट चालतं. हे बघताना एक तपासा, पीएफमध्ये नाव कंपनीचं आहे का ठेकेदाराचं. एमआयडीसीत बऱ्याच पोरांना हे सोडून गेल्यावर कळतं, आणि मग लेटर ज्याच्याकडून मागायचं तो माणूसच वेगळा निघतो.

पीएफमध्ये अजून एक अडचण येणार. जुन्या कंपनीने एक्झिट डेट टाकलेली नसेल तर नव्या ठिकाणी जॉइन झाल्यावर तुम्ही दोन्हीकडे कामाला दिसता. ती तारीख आता स्वतःला टाकता येते, शेवटचा हप्ता जमा झाल्याला दोन महिने उलटले की 'मॅनेज' मध्ये 'मार्क एक्झिट', आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. तुमचे दोन महिने कधीच होऊन गेलेत. तारीख नीट बघून टाका, नंतर बदलायला फार फिरावं लागतं.

फॉर्म १६ चं टेन्शन सोडा. पगारातून टीडीएस (आधीच कापलेला इन्कम टॅक्स) कापला असेल तरच तो द्यावा लागतो. वर्षाला ३,३६,००० पगार, २०२५-२६ साठी नव्या टॅक्स रेजीममध्ये ४ लाखांपर्यंत टॅक्सच नाही, म्हणजे कापलेलं काही नसणारच. २६एएस (तुमच्या नावावर किती टॅक्स कापला ते दाखवणारा इन्कम टॅक्सचा उतारा) काढून दाखवा अन् सांगा की टीडीएस नाही म्हणून फॉर्म नाही. एचआरवाले छापील यादीतून मागतात, त्यांनाही माहीत असतं.

आता कामाचं. एक पत्र लिहा, आजचीच तारीख टाका, मागची तारीख टाकायचा शहाणपणा नको. भाषा साधी ठेवा. 'मी आपल्याकडे सप्टेंबर २०२० पासून फिटर म्हणून कामाला होतो. १७ जानेवारी २०२६ रोजी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्याने मला गावी जावे लागले व त्यामुळे वेळेत लेखी कळवू शकलो नाही, याबद्दल दिलगीर आहे. १७ जानेवारी हा शेवटचा दिवस धरून माझा राजीनामा घ्यावा, राहिलेला पगार, शिल्लक रजा व ग्रॅच्युइटीचा हिशोब लेखी द्यावा, नोटीसची रक्कम लागू असल्यास त्यात दाखवावी, आणि सर्व्हिस सर्टिफिकेट द्यावे.' सोबत हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स. दिलगीर शब्द काढू नका, त्याने तुमचं काही जात नाही आणि समोरच्याला लेटर द्यायला एक वाट राहते. मालक लोकांना बऱ्याचदा पैशापेक्षा 'न सांगता गेला' हेच लागलेलं असतं.

दुसरं पत्र फक्त सर्टिफिकेटांचं, सात दिवसांची मुदत द्या. परत नाहीच केली तर पोलीस स्टेशनला लेखी तक्रार. दोन्ही पत्रं मेलने पण पाठवा आणि पोस्टाने पण. २०२५ मध्ये पोस्टाने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिसळून टाकलंय, त्यामुळे खिडकीवर 'रजिस्टर एडी' म्हणून अडून बसू नका, स्पीड पोस्टच करा अन् पोच हवी म्हणून सांगा. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर जळगावला सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात पगार अन् ग्रॅच्युइटीचा अर्ज. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षं मुदत आहे, पण तेवढं थांबायचं कारण नाही. माझा अंदाज विचाराल तर तिथून पहिली नोटीस गेली की लेटर अन् हिशोब एकाच दिवशी टेबलावर येतील, कारण ४३,००० वर व्याज अन् तारखा त्यांनाही नकोत. तेव्हा २८,००० वर थोडं मागंपुढं व्हायला हरकत नाही, पण लेटर हातात आल्याशिवाय 'काही येणं बाकी नाही' या कागदावर सही करू नका.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मोफत वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराचं नाव वेगळं लिहिलेलं आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आणि पोस्टाचं पाकीट 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत आलं तर नाराज होऊ नका अन् ते फोडू पण नका. नकार दिला म्हणजे पत्र पोचलंच असं कोर्ट धरतं. मागच्या वर्षी एक पोरगं असंच पाकीट घेऊन आलं, पण आत काय लिहिलं होतं ते बघायला रस्त्यातच फाडलेलं. तुमचं आलं तर पोस्टमनच्या सहीसकट तसंच पिशवीत घालून घेऊन या.