‘त्याची संगत तोडू का?’

“मॅडम, त्या एका मुलाची संगत तोडली की आमचा सुटेल ना?” चौदा वर्षांच्या मुलाची आई समुपदेशनाला येते आणि खुर्चीवर नीट टेकायच्या आत हेच विचारते. तिला त्याच्या दप्तरात पाण्याची बाटली सापडली होती. झाकण उघडलं तर दारूचा भपकारा. पुढच्या आठ दिवसांत घरात जे झालं ते बहुतेक घरांत होतं. बाबांनी दोन थोबाडीत दिल्या, फोन काढून घेतला, त्या मित्राचं नाव घरात काढायचं नाही असं बजावलं. नवव्या दिवशी मुलगा पुन्हा उशिरा आला. या वेळी तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा वास होता. शिक्षेतून तो वास लपवायला शिकला होता, बाकी काही नाही. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आईच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. एक मित्र काढून टाकला तरी मोकळी संध्याकाळ तशीच राहते, रिकामं घर तसंच राहतं, कुलूप नसलेलं कपाट तसंच राहतं. त्या जागी दुसरा मित्र यायला आठवडा पुरतो. शिवाय ज्या मुलाला वस्तीतली सगळी घरं दार बंद करतात, त्याच्याशी बोलणारं मोठं माणूसच उरत नाही. तो आणखी बिघडतो आणि आपल्यापेक्षा लहान मुलांना गोळा करतो.

मुलाशी पहिलं बोलणं आईबाबांना बाहेर बसवूनच करायचं. सुरुवातीला गुप्ततेची हद्द स्पष्ट सांगायची: तू सांगशील ते इथेच राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर ते मोठ्यांना सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी तुला कळवू. हे न सांगता प्रश्न विचारले की मुलं खांदे उडवतात.

मग सहा प्रश्न. दारू-नशेचा धोका ओळखायला १२ ते २१ वयासाठी ‘क्राफ्ट’ (CRAFFT) नावाची प्रश्नावली जगभर वापरली जाते. नशेत असलेल्या कुणी चालवलेल्या गाडीवर बसलास का, किंवा स्वतः तशी चालवलीस का? बरं वाटावं, चारचौघांत मिसळता यावं म्हणून घेतोस का? एकट्याने घेतोस का? घेतल्यावर काय केलं ते विसरलास असं झालं का? घरचे किंवा मित्र ‘कमी कर’ म्हणाले का? त्यापायी कधी अडचणीत आलास का? दोन किंवा जास्त ‘हो’ आले तर सविस्तर तपासणी लागते. या मुलाचे तीन ‘हो’ आले. त्यातला सगळ्यात गंभीर पहिला: दारू प्यायलेल्या एका मोठ्या मुलाच्या दुचाकीवर तो दोनदा मागे बसला होता. आईबाबांच्या डोक्यात व्यसनाची भीती होती. जिवाचा धोका त्या दुचाकीवर होता. म्हणून त्याच दिवशी, त्याची परवानगी घेऊन, आईबाबांना आत बोलावून एक करार झाला. रात्री कितीही वाजता फोन कर, आम्ही घ्यायला येऊ. गाडीत प्रश्न नाहीत, ओरडणं नाही. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, पोट भरल्यावर. बाबांना हे जड गेलं. “म्हणजे पी म्हणून सांगायचं?” नाही. न पिण्याचा नियम तसाच राहतो. नियम मोडला तरी जिवंत घरी येण्याची वाट बंद करायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या भेटीत कागदावर सात रकाने आखले. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतचा एकेक तास: कुठे, कोणाबरोबर, जवळपास मोठं माणूस कोण. मुलाने पेन्सिलीने भरलेला तो तक्ता आईने बघितला आणि ती गप्प झाली. सोमवार, बुधवार, गुरुवार, चार ते साडेसात: पाच मुलं, एका मित्राचं घर, मोठं माणूस कोणीच नाही. पालकांना भीती रात्रीची वाटते. इथे घोळ संध्याकाळचा होता. दारूही कुठून बाहेरून येत नव्हती, त्याच घराच्या कपाटातून येत होती. बाटलीवर पेनाने खूण होती, पण मुलं जेवढी काढत तेवढं पाणी भरून खुणेपर्यंत आणत. म्हणून खुणेवर विसंबू नका. दारू घरात ठेवायची नाही; ठेवायचीच तर कुलपात, आणि किल्ली माणसाच्या अंगावर. औषधांचंही तेच. झोपेच्या, तीव्र वेदनेच्या गोळ्या आणि खोकल्याची औषधं मोजून ठेवा, उरलेली घरात साठवू नका.

“आमच्यासमोर घोटभर दिली तर बाहेर पिणार नाही,” असं एका बाबांचं मत होतं. अनेक घरांत हे मनापासून मानलं जातं. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षं मागोवा घेणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पालकांनी दारू दिल्याने मुलांचं रक्षण होतं असं त्यात कुठेच दिसलं नाही. उलट अशा मुलांना ती इतरांकडून मिळण्याची शक्यताही वाढलेली दिसली. सुरुवात जितकी लांबेल तितकं बरं, याचं कारण मेंदूत आहे. मजेची ओढ लावणारा भाग किशोरवयातच जोरात असतो. आवर घालणारा, पुढचा विचार करणारा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. १९९७ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात चौदाव्या वर्षी किंवा त्याआधी पिऊ लागलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक आयुष्यात कधी ना कधी दारूवर अवलंबून झालेले आढळले. विशीत किंवा नंतर सुरू करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. लवकर सुरुवात हेच एकमेव कारण असतं असं नाही, पण चौदा आणि वीस यांतलं अंतर मिळवण्यासाठी झटावं इतका हा फरक मोठा आहे.

आता पाच घरांना एकत्र आणायचं होतं, आणि पहिला प्रयत्न पुरता फसला. आईने सगळ्यांना एकदम बोलावलं, बाटलीची गोष्ट सांगितली, एक नाव तिच्या तोंडून निसटलं. एक बाबा “आमच्या घरी असलं काही नाही” म्हणत उठून गेले. कुणीतरी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावं टाकली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत पाचही मुलांची शोभा झाली.

दुसऱ्यांदा तिने एकेका घरी फोन केला. वाक्य आधी लिहून, दोनदा मोठ्याने म्हणून बघितलेलं: “आपली मुलं संध्याकाळी एकत्र असतात. माझ्या मुलाच्या बाबतीत मला एक काळजी वाटतेय, आणि ती माझ्या एकटीने निस्तरणारी नाही. अर्धा तास भेटाल का?” यात तक्रार नाही, दुसऱ्याच्या मुलाचं नाव नाही. चार घरं आली. उठून गेलेले बाबा महिन्याने आले. ठरलं ते थोडकंच. दुसऱ्याच्या मुलाला कोणत्याही निमित्ताने घोटभरही द्यायची नाही. मुलं जिथे जमणार तिथे मोठं माणूस आहे का, हे फोन करून विचारायचं, आणि त्याचा राग कुणी मानायचा नाही. घरी परतायची वेळ पाचही घरांत एकच. “बाकी सगळ्यांना परवानगी आहे” हे वाक्य या एका गोष्टीने बंद पडलं. आणि ग्रुपवर कुणाही मुलाचं नाव नाही, कधीच नाही.

आइसलँडने हेच देशाच्या पातळीवर केलं. पालकांचे करार, मुलांनी रात्री घराबाहेर राहण्यावर वेळेची मर्यादा, आणि खेळ-कलांसाठी सरकारी पैसा, म्हणजे मोकळ्या वेळेत जायला जागा. गेल्या महिन्याभरात दारूची नशा केल्याचं सांगणारी १५-१६ वर्षांची मुलं तिथे १९९८ साली ४२ टक्के होती. २०१६ साली ती ५ टक्क्यांवर आली. भाषणांनी हे होत नाही. शाळेत एक दिवस येऊन भीतीदायक चित्रं दाखवली की मोठ्यांना समाधान मिळतं, आणि मुलं ‘म्हणजे सगळेच घेतात’ एवढंच घेऊन घरी जातात. आधीच मुलांना वाटत असतं की आपल्या वर्गातले कितीतरी जण पितात. खरा आकडा बहुधा त्यापेक्षा बराच कमी असतो.

नकाराचा सरावही लागतो. नुसतं ‘नको’ म्हटलं की ‘का रे?’ येतं. पहिल्या खेपेला हा मुलगा खाली बघून हसला आणि शर्टाचं बटण फिरवत राहिला. मग त्याच्याच तोंडचं वाक्य शोधलं: “नाही रे, उद्या सकाळी पळायचंय.” एवढं म्हणून तिथे रेंगाळायचं नाही, चालू लागायचं, थांबला की वाद सुरू होतो. पाचव्या-सहाव्या वेळी त्याचा हात बटणावरून सुटला. सोबत हेही पाठ करून घेतलं: कुणी पिऊन पडला आणि हलवून उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, तर त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, आणि रुग्णवाहिका व मोठं माणूस, दोघांनाही लगेच बोलवायचं. कॉफी नाही, गार पाणी ओतणं नाही, ‘झोपून उतरेल’ नाही.

आणि तो मित्र, ज्याची संगत तोडायची होती? त्याचे सहापैकी पाच ‘हो’ आले. दारूशिवाय तो चिकटवायचा द्रव हुंगत होता. हुंगायच्या द्रव्यांनी हृदयाचे ठोके अचानक बिघडून पहिल्याच वेळीही मृत्यू येऊ शकतो, आणि लघवीच्या नेहमीच्या चाचणीत ही द्रव्यं सापडत नाहीत. चाचणी ‘साफ’ आली म्हणून घरचे निर्धास्त होते. त्याला वेगळ्या भेटी आणि मनोविकारतज्ज्ञांचे उपचार सुरू झाले. पाचही मुलांचा मिळून समुपदेशन गट मात्र मुद्दाम केला नाही. अशा मुलांना एकत्र बसवलं की ती एकमेकांना फुशारक्या सांगत राहतात, आणि नुकसान वाढल्याची उदाहरणं आहेत. एकत्र येणं ठेवलं ते मैदानावर, प्रशिक्षकासमोर, इतर वीस मुलांत.

चौथ्या महिन्यात पहिल्या मुलाचा रात्री पावणेबाराला फोन आला. प्यायला होता. बाबा गेले, तोंडातून शब्द न काढता गाडी चालवत आले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर बोलणं झालं, आणि ठरल्याप्रमाणे दोन आठवडे संध्याकाळचं बाहेर जाणं बंद, सराव सोडून.

सराव मंगळवारी आणि शुक्रवारी असतो. त्या मित्राच्या घरी तेव्हा कुणी नसतं, म्हणून त्याला न्यायला-आणायला हेच बाबा जातात.