युफोनियम म्हणजे काय? त्याला ‘तुतारी’ म्हटलं तर चालेल का?

तुमच्या कथेतलं पात्र कोल्हापुरात लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम हे मोठं पितळी फुंकवाद्य वाजवतं. या नावाचा अर्थ काय आणि त्याऐवजी ‘तुतारी’ लिहिलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

तुतारी नका लिहू. मी इथल्याच एका बँडमध्ये हे वाद्य वाजवत होतो, म्हणून जरा ठासून सांगतोय.

आधी अर्थ. नाव मूळ ग्रीक. ‘यू’ म्हणजे चांगला, ‘फोने’ म्हणजे आवाज. थोडक्यात, गोड गळ्याचं वाद्य. हाच ‘यू’ युकॅलिप्टसमध्ये आहे आणि ‘फोने’ तर टेलिफोनपासून सॅक्सोफोनपर्यंत सगळीकडे. शेवटचा ‘इयम’ हार्मोनियममधला. दोन्ही नावं 1840 च्या दशकातली, तेव्हा युरोपात नव्या वाद्यांना असली भारदस्त नावं द्यायची हौसच होती. युफोनियमचं श्रेय बहुतेक वेळा जर्मनीतल्या वायमारच्या झोमर यांना देतात, साल 1843. जुन्या पुस्तकात नुसतं ‘यूफोन’ दिसलं तर मात्र सावध राहा. ते क्लाडनी या शास्त्रज्ञाचं 1790 च्या सुमाराचं वाद्य, ओल्या बोटांनी काचेच्या कांड्या घासून वाजवायचं. त्याचा पितळेशी काही संबंध नाही.

आता तुतारी का नाही ते. तुतारीला खटके, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, नसतात. फुंक आणि ओठांच्या ताणावर जे मोजके स्वर निघतील तेवढेच. ललकारीला ते पुरेसे आहेत, पण त्यावर अख्खं गाणं वाजत नाही. युफोनियमची नळी उलगडली तर साधारण नऊ फूट भरते. एकही खटका न दाबता फुंकलं तर पेटीवरच्या काळी पाचचा सा, मग प, वरचा सा, ग, असे सुटे सुटे स्वर मिळतात. इथपर्यंत ते तुतारीचंच भावंड. पण मधला खटका दाबला की स्वर अर्ध्या सुराने उतरतो, पहिला दाबला की पूर्ण सुराने, तिसऱ्याने दीड. या तिघांच्या जोड्या लावून मधल्या सगळ्या जागा भरता येतात. नळी भोंग्याकडे रुंदावत जाते, म्हणून आवाज ट्रंपेटसारखा टोचत नाही, गोल आणि भरदार येतो. बॅरिटोन नावाचं दिसायला तसंच वाद्य असतं. नळीची लांबी तीच, पण ती अरुंद, त्यामुळे आवाज थोडा बारीक. बघणाऱ्याला फरक कळत नाही आणि कथेत त्यात शिरायची गरजही नाही.

शिवाय तुतारीच्या भाषांतराने काय होतं ते आपण पाहिलंय. 2024 च्या लोकसभेला ‘ट्रंपेट’ या चिन्हाचं मराठी नाव ‘तुतारी’ छापलं गेलं आणि ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाशी घोळ झाला. जवळच्या साताऱ्यात त्याची चर्चा बरेच दिवस चालली होती. राजकारण बाजूला ठेवू, पण वाद्यांची नावं अशी एकमेकांवर ढकलू नयेत एवढं तरी पटायला हरकत नाही.

वरातीत युफोनियमवाला पुढे नसतो. गाण्याची ओळ क्लॅरोनेट किंवा ट्रंपेटवर बँडमास्तर घेतो, मागचे युफोनियमवाले ती झेलतात नाहीतर खालून सूर धरून ठेवतात. व्हिडिओत बँडमास्तर दिसतो, हे लोक दिसत नाहीत. वजन छातीशी धरून, भोंगा वर करून, पाहुण्यांच्या गर्दीत चालत वाजवायचं. हलगी-घुमकं सुरू झालं की तेवढा श्वास घ्यायला वेळ. तुमचं पात्र गरीब, अबोल असेल तर वाद्य अगदी नेमकं निवडलंय.

लिहिताना नपुंसकलिंगी धरा, व्हायोलिनसारखं: ‘त्यानं युफोनियम उचललं’, ‘युफोनियमवर सूर लागला’. बँडवाल्यांच्या बोलण्यात ‘यु’चा ‘इ’ होऊन ‘इफोनियम’ होतं, तेव्हा संवादात तसं आणि निवेदनात ‘युफोनियम’ ठेवा. वाचकाला वाद्य ठाऊक नसेल म्हणून कंसात अर्थ देत बसू नका. पहिल्यांदा नाव येईल तिथे ‘तीन खटक्यांचा तो मोठा पितळी बाजा’ एवढं म्हटलं की भागतं.