शॉर्ट केला आणि सर्किट लागलं तर?

प्रश्न: मी इंट्राडे (एकाच दिवसात खरेदी-विक्री) करतो, शेअर पडणार वाटलं की आधी विकून नंतर खाली घेतो. पण अप्पर सर्किट (दिवसभरात भाव वर जाण्याची कमाल मर्यादा) लागून परत घेताच आला नाही तर काय होतं?

उत्तर: हे आधीच विचारलंत ते फार बरं केलंत. समजा ५०० ला १०० शेअर विकून ४८० ला घेतले तर खर्च वगळता २००० सुटले, पण सर्किट लागलं की स्क्रीनवर नुसती खरेदीदारांची रांग आणि सेलरच्या जागी शून्य, ब्रोकरचं ऑटो स्क्वेअर-ऑफ, म्हणजे दिवस संपायच्या आत सौदा आपोआप बंद करणं, पण तिथे काही करू शकत नाही. विकलेले शेअर तुम्ही देऊ शकत नाही, मग एक्स्चेंज ते शेअर ऑक्शनमध्ये (लिलावात) घेतं, भाव तुमच्या हातात नाही, वर पेनल्टी तुम्हालाच. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्याच अभ्यासात २०२२-२३ मध्ये कॅशमध्ये (थेट शेअरमध्ये) इंट्राडे करणाऱ्या १० पैकी ७ जण तोट्यात होते, म्हणून घरखर्चाचा पैसा यात नकोच. करायचंच तर एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) मधलेच शेअर घ्या, त्यांना फिक्स सर्किट नसतं, आणि स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्यावर बाहेर पडायची ऑर्डर) लगेच सिस्टीममध्ये टाका, मनातला स्टॉपलॉस ऐनवेळी कोणी पाळत नाही. पोझिशन रात्रभर ठेवायची असेल तर फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा) किंवा पुट (ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क) बघा, त्यातल्या त्यात पुट घेतला आणि मुदत संपायच्या आत विकून टाकला तर प्रीमियमपेक्षा (त्या हक्कासाठी दिलेल्या रकमेपेक्षा) जास्त जात नाही.